जेरुसलेमची वहिवाट: एका कबरीचे सहा वाटेकरी

याफा दरवाज्यातून जुन्या जेरुसलेममध्ये शिरलं की समोर उतरती बाजारगल्ली लागते, डेव्हिड स्ट्रीट. तिथून डावीकडे ख्रिश्चन क्वार्टर रोड, मग उजवीकडे सेंट हेलेना रस्ता आणि त्याच्या पायऱ्या. दहा मिनिटांत तुम्ही येशूच्या कबरीवर बांधलेल्या चर्चच्या अंगणात असता. बहुतेक सहली याच वाटेने माणसं आणतात, फोटो काढवतात आणि तासाभरात बाहेर नेतात. माझं ऐकाल तर असं जाऊ नका. दमास्कस दरवाज्यातून या, खान अल-झैतच्या बाजारातून सरळ चालत राहा. उजव्या हाताला वर जाणारा दगडी जिना दिसेल. तो चढून क्रुसाच्या वाटेच्या, म्हणजे येशू क्रूस घेऊन गेला असं मानतात त्या वाटेच्या, नवव्या स्थानापाशी या आणि तिथल्या दारातून चर्चच्या छतावर जा. या चर्चमधली भांडणं आणि त्यांतूनही टिकलेला शेजार समजून घ्यायचा, तर सुरुवात वरून केलेली बरी.

छतावर एक मोकळं अंगण आहे, देइर एस-सुलतान. मधोमध एक बुटका घुमट, म्हणजे खालच्या संत हेलेनाच्या चॅपलचं डोकं. कडेने मातकट भिंतींच्या बुटक्या खोल्या, आणि त्यांत राहतात इथिओपियन साधू. जागा आपली आहे असं इजिप्तचे कॉप्टिक ख्रिस्ती म्हणतात, आणि आपली आहे असं इथिओपियनही म्हणतात. १९७० साली ईस्टरच्या रात्री कॉप्टिक साधू खाली प्रार्थनेला गेलेले असताना छतावरून खाली जाणाऱ्या दोन चॅपलांची कुलुपं बदलली गेली. ताबा इथिओपियनांकडे गेला तो गेलाच. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने कॉप्टिकांच्या बाजूने कौल दिला, पण अंमलबजावणी सरकारवर सोपवली, आणि सरकारने ती आजवर केलेली नाही. तेव्हापासून हक्क सोडला नाही हे दाखवायला एक कॉप्टिक साधू तिथे खुर्ची टाकून बसतो. २००२च्या उन्हाळ्यात त्या साधूने खुर्चीची जागा बदलून ती सावलीत सरकवली. मारामारी झाली, अकरा जण दवाखान्यात गेले.

हसू येतं, पण आपण हसायचं कारण नाही. बांध कोरला म्हणून दोन-दोन पिढ्या कोर्टात घालवणाऱ्या मुलखातून आपण आलेलो आहोत.

छतावरून दोन चॅपलं एकाखाली एक उतरत थेट खालच्या अंगणात येता येतं. जिना अरुंद आहे, डोकं सांभाळा, आणि प्रार्थना चालू असेल तर भिंतीला टेकून थांबा. खाली उतरलात की दर्शनी भिंतीकडे वळून वर पाहा. उजवीकडच्या खिडकीखाली, सज्जावर, एक साधी लाकडी शिडी उभी आहे. १७२८च्या एका चित्रात ती दिसते, आणि आजही तिथेच आहे. मधल्या काळात कुणी खोडसाळपणे ती हलवली, कधी डागडुजीसाठी बाजूला झाली, पण परत जागेवर आली. ती आर्मेनियन लोकांची मानली जाते. ती कायमची काढायची तर सगळ्यांची संमती लागते, आणि एवढ्याशा गोष्टीसाठी ती मागायची कुणी?

हे सारं ज्या नियमावर चालतं त्याला आपल्या कोर्टकचेरीत नेमका शब्द आहे: ‘जैसे थे’. ऑटोमन सुलतानांनी १७५७ साली आणि पुन्हा १८५२ साली फर्मान काढून सांगितलं की आज ज्याच्याकडे जे आहे ते त्याच्याकडेच राहील. तेव्हापासून तुर्क गेले, ब्रिटिश आले आणि गेले, जॉर्डन आला आणि गेला, पण ‘जैसे थे’ तसंच राहिलं. वाटेकरी सहा. ग्रीक ऑर्थोडॉक्स, आर्मेनियन आणि लॅटिन म्हणजे रोमन कॅथलिक हे तीन मोठे. लॅटिनांचा कारभार फ्रान्सिस्कन साधू पाहतात. कॉप्टिक, सिरियन ऑर्थोडॉक्स आणि इथिओपियन हे तीन धाकटे.

नियमाचं मर्म वहिवाटीत आहे. जो छप्पर दुरुस्त करतो, त्याचं छप्पर. जो दिवा टांगतो, त्याची भिंत. जो पायरी झाडतो, त्याची पायरी. त्यामुळे इथे झाडू मारणं ही सेवा नसून दावा असतो. अंगणातून वर जाणाऱ्या एका जिन्याची सर्वांत खालची पायरी कुणी झाडायची यावरून १९०१ साली रक्त सांडलं. तळाची पायरी जिन्यात धरायची की अंगणात, हा तो प्रश्न. शेजाऱ्याचं गळकं छप्पर चांगल्या मनाने दुरुस्त करायला जावं, तर तो तुमच्यावर धावून येईल, कारण दुरुस्ती करून घेणं म्हणजे मालकी सोडणं. परोपकारसुद्धा इथे परवानगी घेऊनच करावा लागतो.

दाराची किल्ली सहांपैकी कुणाकडेच नाही. ती दोन मुसलमान घराण्यांकडे आहे. जूदे घराणं किल्ली सांभाळतं, नुसैबे घराणं दार उघडतं. किल्ली लोखंडी, वीतभराहून बरीच लांब. संध्याकाळी दार बाहेरून बंद होतं. वरचं कुलूप उंचावर असल्याने शिडीवर चढून ते लावतात, आणि मग दारातल्या छोट्या झडपेतून ती शिडी आत सरकवतात. पहाटे आतला माणूस त्याच झडपेतून शिडी बाहेर देतो. आतल्यांनी शिडी दिल्याशिवाय बाहेरचा कुलूप उघडू शकत नाही, आणि बाहेरच्याने कुलूप उघडल्याशिवाय आतले बाहेर पडू शकत नाहीत. आत शिडी कुणी द्यायची याचीही पाळी आहे, फ्रान्सिस्कन, ग्रीक आणि आर्मेनियन अशी. भाऊबंदकीत किल्ली तिऱ्हाईताकडे ठेवतात, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आत गेल्यावर दिवे मोजायची सवय लावून घ्या. एरवी प्रत्येक कोपरा सारखाच अंधारा, सारखाच धुपकट वाटतो. समोरच येशूचं शव ठेवून सुगंधी द्रव्यं लावली अशी श्रद्धा असलेली लांब शिळा आहे. लोक तिच्यावर रुमाल, जपमाळा घासतात. आजची फरशी १८०८च्या आगीनंतर बसवलेली आहे. वरचे दिवे चार पंथांचे. उजवीकडे उभा जिना चढला की गुलगुथा, म्हणजे कवटीचं स्थान. इथली उजवी वेदी लॅटिनांची, खिळे ठोकल्याची. डावी ग्रीकांची, क्रूस उभा केल्याची. मध्ये मरियेची एक छोटी लॅटिन वेदी. पायऱ्या उंच आणि घासून गुळगुळीत झालेल्या आहेत, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना चढण्यापेक्षा उतरताना जास्त जपावं लागतं.

खुद्द कबर घुमटाखालच्या संगमरवरी खोलीत आहे. तिच्या आत ४३ दिवे: ग्रीकांचे १३, लॅटिनांचे १३, आर्मेनियनांचे १३, आणि कॉप्टिकांचे ४. सिरियन आणि इथिओपियन यांचा एकही नाही.

या आकड्याशी मी नेहमी अडखळतो. करिंथच्या मंडळीत ‘मी पौलाचा, मी अपुल्लोचा’ असे तट पडले, तेव्हा पौलाने त्यांना शरीराचा दृष्टान्त दिला. डोळ्याने हाताला ‘तू मला नकोस’ म्हणता येत नाही, हा भाग सगळ्यांना पाठ असतो. त्याच्या पुढचा मुद्दा मात्र प्रवचनांत घाईने उरकला जातो: जो अवयव कमी मानाचा वाटतो त्यालाच जास्त मान द्यायचा. मान हा शब्द पालखीच्या, जत्रेच्या मानकऱ्यांमध्ये वाढलेल्या मराठी माणसाला वेगळा समजावायला नको. पहिला नारळ कुणाचा यावर गावं फुटतात. या चर्चमध्ये मानाची वाटणी पौलाच्या नेमकी उलट झाली आहे. ज्याच्यामागे साम्राज्य होतं त्याला तेरा दिवे, ज्याच्यामागे कुणी नव्हतं तो छतावर.

तरीही याच कबरीपाशी २०१६ साली जे झालं ते पाहण्यासारखं आहे. आजची खोली १८१०च्या सुमाराची, आगीनंतर ग्रीकांनी बांधलेली. १९२७च्या भूकंपाने ती खिळखिळी झाली. भिंतींचे संगमरवरी पत्रे बाहेर फुगत होते. ब्रिटिशांनी १९४७ साली लोखंडी तुळयांचा पिंजरा करून तिला आवळून धरलं आणि ते निघून गेले. पिंजरा जवळजवळ सत्तर वर्षं राहिला. दुरुस्ती सगळ्यांनाच हवी होती, पण जो करेल त्याची मालकी, मग करणार कोण? फेब्रुवारी २०१५मध्ये पोलिसांनी जागा धोक्याची म्हणून काही तास बंद केली, तेव्हा तिघा मोठ्यांना जाग आली. मार्च २०१६मध्ये त्यांनी करार केला. काम अथेन्सच्या राष्ट्रीय तंत्रविद्यापीठाकडे दिलं, प्रमुख प्राध्यापिका अँटोनिया मोरोपुलू. तिघांनी पैसे घातले, जॉर्डनच्या राजाने घातले, बाहेरून देणग्या आल्या. संगमरवर उतरवून आतलं जुनं बांधकाम चुन्याच्या पातळ मिश्रणाने भरून घट्ट केलं, टायटॅनियमच्या सळ्या घातल्या आणि पत्रे पुन्हा बसवले. ऑक्टोबरमध्ये कबरीवरची शिळा साठ तासांसाठी सरकवली. खाली मुरूम, त्याखाली क्रूस कोरलेली आणखी जुनी, भंगलेली शिळा, आणि तळाशी मूळ खडक. त्या जुन्या शिळेखालच्या चुन्याचं वय चौथ्या शतकातलं निघालं, म्हणजे रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातलं. २२ मार्च २०१७ला काम पुरं झालं, पिंजरा निघाला. आतल्या भिंतीत खडक दिसावा म्हणून एक छोटी खिडकी ठेवली आहे. आत गेलात की ती शोधा, बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

हे प्रेमाने झालं नाही, भीतीने झालं, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. पण ‘मी केलं’ असं म्हणायचा हक्क तिघांनीही सोडला, तेव्हाच ते झालं. फेब्रुवारी २०१८मध्ये जेरुसलेम महापालिकेशी झालेल्या कराच्या वादात याच तिघांनी मिळून चर्चचं दार तीन दिवस बंद ठेवलं होतं. बाहेरचा आला की भावकी एक होते, तेही आपल्या ओळखीचं.

कबरीच्या मागच्या बाजूला कॉप्टिकांची चिमुकली वेदी आहे. तिच्यासमोर, गोल ओवरीच्या पलीकडे, सिरियनांचं चॅपल. तिथे अवश्य जा. भिंती आगीने काळ्या पडलेल्या, गिलावा उडालेला, वेदी मोडकळीस आलेली. आर्मेनियन म्हणतात जागा आमची, सिरियन म्हणतात आमची, म्हणून रंगाचा एक हातही कुणी फिरवू शकत नाही. आत वाकून गेलं की खडकात खोदलेल्या पहिल्या शतकातल्या यहुदी कबरी दिसतात. मोबाइलचा दिवा लागेल. सगळ्या चर्चमध्ये गर्दी नसलेली हीच जागा.

महाराष्ट्रातल्या प्रॉटेस्टंट मंडळींना इथे वाटा नाही. त्यांच्या सहली बहुधा दमास्कस दरवाज्याबाहेरच्या, काही जण येशूची खरी कबर मानतात त्या, बागेतल्या कबरीकडे जातात. तिथे झाडं आहेत, बाकं आहेत आणि भांडण नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया मात्र २९ नोव्हेंबर १९७०ला आपल्या नागपुरातच जन्मलं, आणि तेही सहा मंडळ्यांमधून. तिथे सहा जणी विरघळून एक झाल्या, इथे सहा जणी न विरघळता एका छताखाली आहेत. मालमत्तेचे खटले दोघांनाही चुकले नाहीत. त्यामुळे कोणता मार्ग बरा, हे नागपूरकरांनी जेरुसलेमकरांना ऐटीत सांगू नये.

आता वेळेचं. प्रवेशाला तिकीट नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. दार साधारणपणे हिवाळ्यात पहाटे चारला उघडून संध्याकाळी सातला बंद होतं, उन्हाळ्यात पाच ते नऊ. उघडण्याच्या वेळेतल्या या एका तासाच्या फरकाचं कारण गमतीचं आहे: देश उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतो, चर्च करत नाही. म्हणून भिंतीवर लिहिलेल्या प्रार्थनेच्या वेळा उन्हाळ्यात एक तास मिळवून वाचा, नाहीतर तासभर आधीच पोचाल. कबरीच्या रांगेत दिवसा एक-दोन तास सहज जातात. आत एका वेळी तीन-चार माणसं मावतात आणि दाराशी उभा ग्रीक साधू मिनिटभरात बाहेर काढतो. दार उघडताच गेलात तर रांग अगदी थोडी. दुपारी चारच्या सुमाराला, उन्हाळ्यात पाचच्या, फ्रान्सिस्कनांची रोजची मिरवणूक निघते तेव्हा रांग अडते. शुक्रवारी तीनला, उन्हाळ्यात चारला, क्रुसाच्या वाटेची मिरवणूक सुरू होते आणि ती सगळी गर्दी शेवटी इथेच येते. ऑर्थोडॉक्स ईस्टरच्या आदल्या शनिवारी, पवित्र अग्नीच्या दिवशी, म्हाताऱ्यांना आणि लहान मुलांना घेऊन येऊ नका. या एवढ्या मोठ्या इमारतीला दार एकच आहे. १८३४ साली त्याच दिवशी चेंगराचेंगरीत शेकडो माणसं मेली.

रात्री आत राहायचं असेल तर फ्रान्सिस्कनांच्या सॅक्रिस्टीत, म्हणजे उपासनेचं सामान ठेवायच्या खोलीत, आधी विचारावं लागतं. मोजक्याच लोकांना परवानगी मिळते. दार लागलं की पहाटेपर्यंत बाहेर पडता येत नाही. झोपायचं नाही, गायचं नाही, मेणबत्त्या लावत फिरायचं नाही. जाड स्वेटर आणि पाण्याची बाटली बरोबर असू द्या, दगड रात्रभर गार असतो. मध्यरात्रीनंतर कबरीपाशी आधी ग्रीकांची उपासना, मग आर्मेनियनांची, पहाटे लॅटिनांची. त्याआधी धुपाची फेरी निघते. ग्रीक, आर्मेनियन आणि कॉप्टिक, प्रत्येकाचा धर्मगुरू धुपाटणं हलवत सगळं चर्च फिरतो. आपल्या वेदीपाशी थांबतो आणि शेजाऱ्याच्याही वेदीपाशी थांबतो. ज्या फरशीवर त्याला झाडू मारता येत नाही, तिथे तो धूप दाखवतो, साखळीचा आवाज करत पुढच्या खांबाकडे जातो, आणि त्याच्या मागून दुसऱ्याची फेरी येते.