पासवर्ड बरोबरच होता

वेबमेल उघडत नाही अशी तक्रार आली की आम्हा सपोर्टवाल्यांचा हात आपोआप कंट्रोल-शिफ्ट-एनकडे जातो, म्हणजे क्रोमच्या कोऱ्या, इनकॉग्निटो खिडकीकडे. इनकॉग्निटोमध्ये उघडला तर दोष जुन्या कुकीत (साइट आपली ओळख ठेवायला ब्राउझरकडे देते ती चिठ्ठी), नाहीतर एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या जादा प्रोग्रॅममध्ये. तिथेही उघडला नाही तर ब्राउझर निर्दोष सुटला, आता नेटवर्क आणि सर्व्हर बघा. दहातल्या नऊ वेळा हे बरोबर ठरतं. सातारा रोडवरच्या एका ऑफिसात परवा दहावी वेळ होती.

ऑफिस लहान, कारखाना शिरवळला. तारीख २०, म्हणजे जीएसटीआर-३बी हा जीएसटीचा महिन्याचा रिटर्न भरायचा शेवटचा दिवस, आणि पुरवठादारांची बिलं मेलमध्ये अडकलेली. अकाउंट्सच्या मॅडम पासवर्ड टाकायच्या, पान गरकन फिरायचं आणि परत लॉगिनचाच चौकोन. पासवर्ड चुकला असं लाल अक्षरांत सांगणंसुद्धा नाही. शेजारच्या टेबलांवर, त्याच वायफायवर, सगळ्यांचा मेल झकास चालू. त्यामुळे मी पोचायच्या आधीच निकाल लागला होता: मॅडमच काहीतरी चुकतायत. पासवर्ड बदलून झाला होता. ऑफिसचा मेल ज्या पोर्टलमधून उघडतात ते बनवणाऱ्या कंपनीचा मुलगा एनीडेस्कवरून, म्हणजे लांबूनच मशीनचा ताबा घेऊन, कॅशे साफ करून गेला होता. इनकॉग्निटोतही चालेना म्हटल्यावर त्यानं शेवटचा उपाय सुचवला, विंडोज फॉरमॅट मारा. वीस तारखेला अकाउंट्सचं मशीन फॉरमॅट करायला सांगणाऱ्याला एकदा वीस तारखेला त्या खुर्चीत बसवलं पाहिजे.

मी तोच पासवर्ड माझ्या मोबाइलच्या मेल ॲपमध्ये टाकला. इनबॉक्स आला. खातं ठीक, पासवर्ड ठीक. मग होस्टिंगच्या पॅनेलवर लॉग पाहिला, तर मॅडमचं प्रत्येक लॉगिन यशस्वी! सर्व्हर दर वेळी ‘या, या’ म्हणत होता आणि पुढच्याच क्षणी ‘आपण कोण?’ विचारत होता.

असं दिसलं की समजायचं, कुकी टिकत नाहीये. एफ१२ दाबून नेटवर्कचा तक्ता उघडला आणि पुन्हा लॉगिन केलं. या तक्त्यावर माझा फार जीव आहे. माणसं काहीही सांगोत, ब्राउझरनं काय पाठवलं आणि त्याला काय मिळालं हे इथे ओळीनं लिहिलेलं असतं. लॉगिनच्या उत्तरात सर्व्हरनं कुकी पाठवली होती, आणि तिच्याशेजारी छोटा पिवळा त्रिकोण. त्यावर माउस नेला की कारण वाचता येतं: वापरणाऱ्याच्या पसंतीमुळे अडवली. देवळाबाहेर चपला ठेवून मिळालेला बिल्ला हातात पडताच कोणी फेकून दिला, तर परत आल्यावर चपला कोण देणार?

पण मग बँक, जीएसटीचं पोर्टल, बाकी सगळं कसं चालत होतं? गोम पानाच्या रचनेत होती. या ऑफिसात हजेरी, रजा, मेल सगळं एकाच पोर्टलवर. पोर्टल बनवणाऱ्या कंपनीच्या डोमेनवर, आणि त्यातल्या ‘मेल’ टॅबमध्ये ऑफिसच्या स्वतःच्या डोमेनवरचा वेबमेल आयफ्रेममध्ये, म्हणजे पानातल्या पानाच्या चौकटीत, कोंबलेला. वर ॲड्रेस बारमध्ये एक नाव, आत चौकटीत दुसरंच. ब्राउझरच्या लेखी ही थर्ड-पार्टी कुकी, जाहिरातवाले माग काढायला वापरतात त्याच जातीची. फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोम ८० आल्यापासून अशा कुकीवर ‘सेमसाइट नन, सिक्युअर’ असं स्पष्ट लिहावं लागतं, म्हणजे दुसऱ्या साइटच्या पानातही चालेल, पण सुरक्षित जोडणीवरच. तेवढं त्यांनी इमानेइतबारे लिहिलं होतं, म्हणून बाकीच्यांचं चालत होतं. सफारीनं मात्र त्याच वर्षीच्या मार्चमध्ये थर्ड-पार्टी कुकी सरसकट बंद केल्या. क्रोममधूनही काढू असं गूगलनं २०२० मध्येच जाहीर केलं होतं, मग पुढे ढकलत ढकलत २०२४ मध्ये नाद सोडला. तो बेत बारगळला म्हणून यांचं पोर्टल अजून उभं आहे. आणि इनकॉग्निटोत तर क्रोम या कुकी मुळातच अडवतो. म्हणजे आमची हुकमी चाचणी इथे चक्क खोटी साक्ष देते.

मॅडमना विचारलं, “सेटिंगमध्ये हल्ली काही बदललं होतंत का?” या प्रश्नाला सगळीकडे ठरलेलं उत्तर मिळतं: छे हो, मी हातसुद्धा लावला नाही. मॅडमनी ड्रॉवरमधून डायरी काढली. तारीख, वार, आणि खाली सुवाच्य अक्षरात: क्रोम, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, थर्ड-पार्टी कुकीज, ब्लॉक. त्यांच्या सोसायटीत सायबर सुरक्षेवर व्याख्यान झालं होतं. बाकीचे ऐकून चहा पिऊन घरी गेले असतील, यांनी घरी आणि ऑफिसात दोन्हीकडे अमलात आणलं.

“मग हे आधी कोणाला सांगितलं नाहीत?”

“विचारलं कोणी? जो आला तो ‘सरका जरा’ म्हणत माउस घेऊन बसला.”

मी वेबमेलचा थेट पत्ता टाकून उघडून दिला. स्वतःच्या डोमेनवर उघडला की तीच कुकी फर्स्ट-पार्टी होते, कोणी अडवत नाही. बुकमार्क केला, सेटिंग जशीच्या तशी ठेवली. ३बी संध्याकाळी गेला. मालक म्हणाले, “एवढ्यासाठी एवढा खटाटोप? ते ब्लॉक काढून टाकायचं ना.” त्यांचा मेल आयफोनच्या ॲपवर येतो, पोर्टलचं तोंड ते कधी बघत नाहीत. पोर्टलवाल्यांना स्क्रीनशॉटसकट सगळं लिहून पाठवलं. उत्तर आलं: इतर युजर्सना प्रॉब्लेम नाही.

निघताना मॅडमनी विचारलं, “माझी सेटिंग चूक नव्हती ना?”

“नाही.”

“मग ह्या सगळ्यांच्या मशीनवरही करून टाका की.”

सगळे माना वर करून माझ्याकडे बघायला लागले. केली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं ऑफिस लॉगिनच्या चौकोनात गरगरत बसणार. मालकांना विचारून सांगतो म्हटलं. अजून विचारलेलं नाही.