पोचे काढून मिळतील : आमची वाटचाल

2011 च्या दसऱ्याला लातुरात औसा रोडला पत्र्याच्या शेडमध्ये मोटारसायकलच्या टाकीचे पोचे काढायचं दुकान टाकलं. पाटी रंगवणाऱ्याला सांगितलं होतं, 'पोचे काढून मिळतील' एवढंच मोठ्या अक्षरात लिही, मोटारसायकलच्या टाकीचं वगैरे खाली बारीक. त्याचा परिणाम असा झाला की पहिलं गिऱ्हाईक आलं ते पितळी कळशी घेऊन. रेणापूरकडची म्हातारी होती. म्हणाली, "तुझ्या आण्णाच्या हातानं दोनदा निघालाय हिचा पोचा, आता तू काढ." काढून दिला. किती घ्यायचे ते सुचेना, म्हणून काहीच मागितलं नाही. तिनं कनवटीचे दहा रुपये काढले, हत्यारांच्या पूजेच्या ताटात टाकले आणि एस्टी गाठायला निघून गेली. बोहनी तीच.

आमच्या घरात तीन पिढ्या पत्र्याचं काम. आजोबा गावोगाव कल्हई करत फिरायचे. वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, लातुरात गंजगोलाईजवळच्या एका बोळात बसून भांडी दुरुस्त केली. हंड्याला बूड बसवायचं, घागरीला डाक लावायचा, पोचे काढायचे. जमिनीत रोवलेला एक वाकडा लोखंडी दांडा, त्यावर हंडा पालथा घालायचा आणि बाहेरून मोगरीनं टिपत राहायचं. शाळा सुटली की मी हंडा फिरवायला बसायचो. आण्णा फार बोलायचे नाहीत. बोलले तर एवढंच, "मधी मारू नको. पोचा मधी दिसतो, पण त्याला धरून ठेवलेलं असतंय कडेनं. कड सोडव, मधलं आपोआप येतं."

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी अकरा वर्षांचा. दिवाळीच्या सुमारास औसा, उमरगा भागातली माणसं ढिगाऱ्यातून निघालेली भांडी घेऊन यायला लागली. पोचा कसला, हंड्याची पार भाकरी झालेली. आण्णा ती तांब्याची भाकरी भट्टीत लाल करायचे, पाण्यात बुडवायचे आणि मग हळूहळू उघडायचे. तांबं तापवून पाण्यात घातलं की मऊ पडतं, हे मी तेव्हा डोळ्यांनी बघितलं आणि सगळ्याच पत्र्याचं असंच असतं असं धरून चाललो. ही समजूत मला पुढं महागात पडली.

पुढं स्टील आलं, प्लास्टिकच्या घागरी आल्या, बोळातलं काम आटलं. 2000 साली मी एका डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजवर हेल्पर म्हणून लागलो. तिथं पोचा काढायची रीत नव्हती, बुजवायची होती. दोन ठोके मारायचे, वर पुट्टी थापायची, घासायची, प्रायमर, रंग, गाडी बाहेर. कारच्या दरवाजावर पातळ हात असेल तर चालून जातं. टाकीवर नाही टिकत. टाकी उन्हात तापते, आत पेट्रोल हिंदकळतं, खाली इंजिन थरथरतं, आणि पंपावर तोंडापर्यंत भरताना पेट्रोल सांडून रंगाच्या कडेतून आत शिरतं. जाड पुट्टी वर्ष-दोन वर्षांत तडकते आणि एक दिवस भाकरीच्या पापुद्र्यासारखी हातात येते. जुनी गाडी घेणाऱ्यांनी खिशात लोहचुंबक ठेवावं. ओरिजिनल पत्र्यावर ते चटकन चिकटतं, पुट्टीवर घसरतं.

टाकीचा पहिला पोचा मी काढला तो स्वतःच्या गाडीचा, घरी, ओट्यावर बसून. सेकंडहँड स्प्लेंडर होती. मृगाचा पाऊस झाला होता, शेताच्या बांधावर साइड स्टँड लावून उभी केली. आमची काळी माती ओली झाली की लोण्यासारखी. स्टँड रुतत गेला, गाडी आडवी झाली, हँडल फिरून टाकीवर बसलं. उजव्या बाजूला वाटीएवढा पोचा. आजही जून-जुलैत आमच्याकडं येणाऱ्या टाक्यांमागं बहुतेक हीच कहाणी असते. म्हणून गिऱ्हाइकाला सांगतो, डिकीत लाकडाची एक चपटी फळी ठेवा, शेतात गेल्यावर स्टँडखाली टाका. असं सांगितल्यावर आमचा धंदा कमी होतो असं मंडळींचं म्हणणं आहे. हिशेब त्या बघतात, त्यामुळं खरंही असेल.

तर तो पोचा. टाकीच्या तोंडातून आत गज घालून बघितला, पण तोंडाच्या आतली कड आडवी येत होती. मोरी तुंबल्यावर वापरायचा रबरी पंप लावून बघितला, टाकीच्या गोलाईवर तो बसेचना. हेअर ड्रायरनं तापवून वर बर्फ फिरवला. कारच्या बॉनेटसारख्या पसरट पत्र्यावर हलकासा पोचा असला तर तो कधीमधी हलतो. टाकी सगळीकडून वळलेली, ताठ. जागची हलली नाही, फक्त ओटा ओला झाला.

मग मुलीच्या हस्तकलेची ग्लू गन दिसली आणि घरातल्या कॅरमच्या सोंगट्या. सोंगटीला मधोमध भोक पाडलं, खालून स्क्रू घातला, वर वायरचा आकडा केला. गाडीवरून टाकी उतरवली, पेट्रोल कॅनमध्ये काढून लांब ठेवलं, टाकी पाण्यानं धुऊन रात्रभर उघडी ठेवली. दुसऱ्या दिवशी पोच्याची जागा स्पिरिटनं पुसली. सोंगटीच्या बुडाला गरम ग्लू लावून ती चिकटवली ती पोच्याच्या मध्यावर नाही, कडेला. बोटाला ऊब लागेनाशी झाली की आकडा धरून सरळ वर ओढायचं. टक् आवाज येऊन सोंगटी सुटते. पत्रा किती हलला ते डोळ्याला कळतसुद्धा नाही. ग्लूच्या कडेला स्पिरिटचे दोन थेंब सोडले की तो रंगाला धक्का न लावता निघतो. पुन्हा लावा, पुन्हा ओढा. असं कडेकडेनं गोल फिरत मध्याकडं यायचं. त्या दिवशी चाळीसेक वेळा ओढलं असेल. संध्याकाळी ओट्यावरची ट्यूबलाइट लावली आणि तिची रेघ टाकीवर पडली. सकाळी ती रेघ पोच्यापाशी माश्याच्या गळासारखी वळत होती, आता नुसती थरथरल्यासारखी दिसत होती. दोन ठिकाणी पत्रा जास्त वर आला होता. तिथं आण्णांनी बाभळीचा खुंटा ठेवला आणि वर हलक्या हातानं तीन टिपऱ्या दिल्या. रेघ सरळ झाली. रंगाला ओरखडा नाही.

आण्णा टाकीकडं बघून म्हणाले, "हंडाच की हा." घरातली पोरं मात्र चिडली. कॅरमच्या चार काळ्या सोंगट्या गेल्या होत्या.

गल्लीतल्या गाड्या आल्या, मग गल्लीबाहेरच्या. तीन वर्षं ओट्यावरच काम केलं आणि मग शेड घेतलं. या धंद्यासाठी लागणारे वेगवेगळ्या आकाराचे प्लास्टिकचे टॅब, ओढायचा ब्रिज, वाकवलेले स्प्रिंग स्टीलचे रॉड, रेघा पाडणारा लाइटबोर्ड हे सगळं हळूहळू मागवलं. सोंगट्या निवृत्त झाल्या. बाभळीचा खुंटा अजून आहे.

आता महागात पडलेलं सांगतो. पहिल्या वर्षी एका ठिकाणी पत्रा ताणून ढिला झाला होता, दाबला की आत, सोडला की बाहेर. मी आण्णांसारखा तापवला आणि ओला फडका मारला. लोखंडी पत्रा तांब्यासारखा वागत नाही. तापवलेला ठिपका गार होताना आकसतो. जाणकार माणूस याच गुणाचा उपयोग करून ढिला पत्रा आवळतो, पण त्यासाठी ठिपका शेंगदाण्याएवढा लागतो. मी तळहाताएवढी जागा तापवली होती. सगळी बाजू पापडासारखी वाकडी झाली, रंग गेला तो वेगळाच.

दुसरं याहून मोठं. 2012 मध्ये एका गणिताच्या सरांची टाकी आली. पोचा रुंद होता, वाटलं हवा भरून बाहेर ढकलू. तोंड बंद केलं, कॉकच्या भोकातून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी जोडली. टायरला पंचवीस-तीस पाउंड लागतात, आपण पंधराच भरू, असा हिशेब. पोचा होता तिथंच राहिला आणि धप्प आवाज करत टाकीचं बूड फुगलं. फ्रेमवर बसायची जी खोबण असते ती बाहेर आली. टाकी गाडीवर बसेना. नवी आणून द्यावी लागली, रंगासकट. सर रागावले नाहीत. बिलाच्या पाठीमागं त्यांनी गणित मांडलं. पंधरा पाउंड म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. टाकीची बाजू 20 बाय 30 सेंटिमीटर धरली तर 600 चौरस सेंटिमीटर, म्हणजे 600 किलो. "सहा पोती सोयाबीन ठेवलंस की रे आतून," म्हणाले. वळलेला पत्रा तो भार पेलतो, सपाट बूड पेलत नाही. तो कागद गल्ल्याच्या काचेखाली आहे. पाणी भरून बर्फाच्या कारखान्यात ठेवू का, असं विचारणारेही येतात. त्यांनाही तोच कागद दाखवतो. पाण्याचं बर्फ होताना ते नऊ टक्क्यांच्या आसपास फुगतं आणि पोच्याला शोधत जात नाही, जिथं शिवण कच्ची तिथून फाडतं.

आगीबद्दल मात्र गंमत नाही. शहरातल्या एका गॅरेजवर रिकामी टाकी गॅसनं जोडताना फुटली. पोरगा वाचला, पण हात कायमचा अधू झाला. नवख्याला वाटतं रिकामी टाकी म्हणजे धोका नाही. उलट आहे. भरलेल्या टाकीत वाफेला हवा पुरेशी मिळत नाही, रिकाम्या टाकीत मिळते. हवेत पेट्रोलची वाफ दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असली की ठिणगी पुरते, आणि ही वाफ हवेपेक्षा जड असल्यानं टोपण उघडं ठेवलं तरी तळाशी बसून राहते. आम्ही जोडकाम करतच नाही. टाकी गळकी असेल तर परत पाठवतो. ग्लू गनही गरमच असते, म्हणून तिच्यासाठीसुद्धा टाकी साबणाच्या पाण्यानं तीनदा धुऊन, पाण्यानं भरून मगच टेबलावर घेतो.

त्या पाण्याचा प्रश्न 2016 ला आला. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या वर्षीची गोष्ट. घरात प्यायला पाणी मोजून आणि दुकानात एका टाकीला दहा-बारा लिटर. आम्ही दोन जुने ड्रम आणले. त्यांचंच पाणी या टाकीतून त्या टाकीत, महिना-महिना तेच. रंग चहासारखा, वरती पेट्रोलचा तवंग. वास यायला लागला तसं ते वापरायलाही भीती वाटायला लागली. शेवटी मे महिनाभर ज्या टाकीला पाणी लागेल ती घ्यायचीच नाही असं ठरवलं आणि फक्त मडगार्ड, पत्रे, कारचे दरवाजे केले. तो महिना उधारीवर निघाला. पाणी काढल्यावर टाकी आतून लगेच गंजते. त्यासाठी किराणा दुकानातलं लिंबूसत गरम पाण्यात घालून रात्रभर ठेवायचं, मग खायच्या सोड्यानं विसळायचं, वाळवायचं आणि थोडं ऑइल फिरवायचं, हेही आम्ही त्याच सुमारास शिकलो.

एप्रिल 2020 पासून बीएस-6 च्या, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या, गाड्या आल्या तशी टाकी उतरवणंही बदललं. बहुतेकांच्या टाकीतच पंप. कॉक बंद करून नळी ओढली की झालं, असं राहिलं नाही. कनेक्टर काढा, पाइपातलं प्रेशर सोडा, पंपाची प्लेट आणि तिचं रबर सांभाळा. घरी करणाऱ्या पोरांना इथंच थांबवतो. टाकी शोरूमच्या किंवा ओळखीच्या मेकॅनिककडून उतरवून घ्या, पोच्याचं नंतर बघू.

फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, "घरी निघंल का?" मी फोटो मागतो, तोही ट्यूबलाइटची रेघ पोच्यावर पाडून काढलेला. पोचा गोल, उथळ, रुपयाच्या नाण्यापेक्षा रुंद आणि रंग कंपनीचा असेल तर सरळ सांगतो, निघेल, ग्लू गन आणा. धारेची चुण पडली असेल, शिवणीजवळ असेल किंवा आधी पुट्टी भरून रंगवलेलं असेल तर हात लावू नका. ओढाल तर पत्र्याऐवजी रंग हातात येईल. आणि मे महिन्यात दुपारी कोणीच करू नये, आम्हीही नाही. बाहेर एक्केचाळीस-बेचाळीस असलं की पत्रा इतका तापतो की ग्लू घट्टच होत नाही, च्युइंगगमसारखा लांबतो.

परवा उदगीरच्या एका पोराचा फोन. माझं ऐकून त्यानं घरी पन्नास-साठ वेळा ओढलं, ऐंशी टक्के पोचा काढलासुद्धा, पण प्रत्येक वेळी मधोमधच ओढला. आता मध्यभागी लिंबाएवढं टेंगूळ आणि भोवती खोल खड्ड्याचं कडं. रडकुंडीला आला होता. "काका, टाकी बाबांच्या गाडीची आहे, त्यांना अजून माहीत नाही." टाकी काल एस्टीनं आली, पोत्यात गुंडाळून. काळा रंग, त्यामुळं रेघ चांगली दिसते. भरून ठेवलीय. उद्या सकाळी सहाला घेणार, ऊन चढायच्या आत. आधी कडं, मग टेंगूळ.