देवराईत कोणती झाडं लावावीत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. 'देवळाचा जीर्णोद्धार काढलाय, राईही विरळ झालीय, तर पावसाळ्यात पाचशे रोपं लावावीत म्हणतो. कोणती लावू?' कोकणातून, मावळातून, जुन्नर-आंबेगावकडून हा प्रश्न सतत येतो. आमचं उत्तर बहुतेकांना आवडत नाही. पहिलं वर्षभर राईच्या आत एकही रोप लावू नका. आधी आत काय उगवतंय ते मोजा.

पाऊस सरता सरता, भाद्रपद-आश्विनात, दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असा चौकोन दोरीने आखा. असे दोन-तीन चौकोन राईच्या पोटात, दोन-तीन कडेला. प्रत्येकात गुडघ्याखालची रोपं, गुडघ्यापासून डोक्याएवढी आणि मनगटाएवढ्या बुंध्याची तरणी झाडं वेगवेगळी मोजा. नावं गावातल्या जाणत्या माणसाला विचारा. जांभूळ, अंजनी, हिरडा तिन्ही वयांत सापडले तर राई स्वतःला सांभाळून आहे, तिला तुमच्या रोपांची गरज नाही. गुडघ्याखालची भरपूर आणि वरची एकही नाही, तर गुरं शिरताहेत. खालीही काहीच नाही, तर पातेरा, म्हणजे गळून पडलेला पाला, झाडला जातोय, नाहीतर जमीन तुडवून कडक झालीय.

पातेऱ्याकडे आमचा रोख जास्त असतो, कारण नुकसान बहुधा तिथूनच सुरू होतं. जांभूळ, सीताअशोक यांचं बी सुकलं की मेलं. ते महिनोन्‌महिने वाट बघत पडून राहत नाही. ओलसर पातेऱ्यात पडलं तर रुजतं, झाडून चकचकीत केलेल्या मातीवर पडलं तर दोन उन्हांत संपतं. जत्रेआधी 'स्वच्छता' म्हणून अख्खी राई झाडतात, कुठे भाजावळीसाठी पातेरा भरून नेतात. पायवाट आणि देवळापुढचं अंगण एवढंच झाडा. पातेरा राहिला की पावसाचं पाणी मुरतं, आणि राईखालचा झराही उन्हाळ्यात जास्त दिवस टिकतो.

पडलेल्या झाडाचंही तसंच. जुना नियम फार कडक होता: वाळकी काटकीसुद्धा राईबाहेर जायची नाही. पडलेल्या खोडाची साल उचकटून बघा. खाली बुरशीचे पांढरे धागे, भुंगेऱ्यांच्या अळ्या, वाळवी, गोम आणि हाताला ओलं लागणारं भुसभुशीत लाकूड. झाडाने शंभर वर्षांत मातीतून उचललेलं सगळं इथे सावकाश मातीला परत मिळतं. ते लाकूड लिलावात गेलं की ती परतफेड तुटते. धनेशाला ढोली लागते ती जुन्या, पोखरलेल्या झाडात. ते 'धोकादायक' म्हणून तोडलं की त्याची वीण थांबते, आणि मोठी फळं गिळून बी लांब नेणाराच नाहीसा होतो.

राईतला देव बहुतेक ठिकाणी घडवलेली मूर्ती नसतो, शेंदूर माखलेला तांदळा, म्हणजे न घडवलेला दगड, असतो. सह्याद्रीत तो बहुधा बेसाल्टचा, म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा. कोकणात तोच खडक झिजून जांभा झाला. जांभ्याचा तांबडेपणा लोखंडाचा, आणि ते लोखंड पृथ्वी जन्मण्याआधी ताऱ्यांच्या पोटात तयार झालेलं. गोव्यात सत्तरी तालुक्यात निरंकाराची राई आहे. तिथल्या पाणथळीत जायफळाच्या कुळातली झाडं गुडघ्यासारखी मुळं चिखलातून वर काढून श्वास घेतात. फुलझाडांच्या फार जुन्या शाखांपैकी ही एक. दगड, झाड, धनेश आणि आपण ज्यातून झालो ती घडण अजून चालू आहे, आणि ती चालू राहावी म्हणून स्वतःचा हात आवरणं, हेच आमच्या लेखी देवराईचं अध्यात्म. पूर्वजांना लाव्हाचं वय ठाऊक नव्हतं, तरी हा तुकडा आपला नाही हे त्यांनी ठरवलं. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी 1970च्या दशकात या राया अभ्यासल्या तेव्हा आसपास दुर्मिळ झालेल्या वनस्पती त्यांत तग धरून असलेल्या दिसल्या. तो ठराव निभावायची पाळी आता आपली आहे.

म्हणून जीर्णोद्धारात बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीटचा पार नको. झाडाची अन्न घेणारी मुळं बरीचशी वरच्या हातभर मातीत असतात. त्यांची हवा आणि पाणी तुटलं की झाड शेंड्याकडून वाळत येतं. त्याला काही वर्षं लागतात, त्यामुळे दोष काँक्रीटवर कोणी धरत नाही.

आता तणांचं. रानमोडी फुलावर येण्याआधी, माती ओली असताना मुळासकट उपटा. घाणेरी नुसती छाटली तर दुप्पट फुटते. जमिनीखाली दोन-तीन इंचांवर सोटमूळ तोडून झुडूप उलटं ठेवा. पण सगळं एका वर्षात साफ करू नका, उघड्या उन्हात तेच तण परत येतं. आधी देशी रोपांभोवतीचं काढा, मग दरवर्षी एकेक पट्टा.

लावायचंच असेल तर राईच्या कडेने, वारा आणि ऊन आत घुसतं तिथे, पाच-सहा मीटरच्या पट्ट्यात. बी त्याच राईतलं किंवा शेजारच्या राईतलं घ्या. जांभळाचं बी आठवड्याच्या आत पेरा. हिरड्याचा गर काढा, आठळीचं रुंद टोक आतल्या बियाला धक्का न लावता कापा आणि एक-दोन दिवस पाण्यात ठेवा. रोपं लावलीत तर खड्डा दीड फूट, अंतर तीन मीटर, आणि पहिले दोन उन्हाळे आठवड्याला दहा लिटर पाणी. गिरीपुष्प, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ फुकट मिळाली तरी नको. पट्ट्याबाहेरून गडगा घाला आणि होळीच्या आधी तीन मीटरची जाळरेषा काढा.

या सगळ्याआधी सातबारा काढून बघा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात पुष्कळ देवरहाटी (तिकडे देवराईला हेच म्हणतात) सरकारच्या नावावर आहेत, तिथे महसूल खात्याला विचारल्याशिवाय कुदळ लावू नका. गुरव-मानकऱ्यांकडून देवाला गाऱ्हाणं घालून घ्या, आणि राईचे जुने नियम ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत लिहवून घ्या.