तुम्ही विचारलंत म्हणून: मॉडेल तर बसलं, आता नवीन झाडाचं काय?

"मॅडम, नॉनलिनियर मिक्स्ड मॉडेल बसलं, पण नवीन डेटावर प्रेडिक्ट केलं की सगळीकडे एनए येतंय, काय करू?" सोलापुरात हा प्रश्न मला सारखा कुणी ना कुणी विचारतं, कधी सांगोल्याकडच्या डाळिंबाच्या फळांची वाढ मोजणारा कृषीचा पोरगा, कधी फार्मसीवाली मुलगी जिला रक्तातली औषधाची पातळी काढायचीय. दरवेळी फोनवर तेच तेच सांगत बसते, म्हणून लिहूनच टाकते.

एनए म्हणजे 'आकडा उपलब्ध नाही', ते आलं म्हणून काही बिघडलेलं नाही. अशा मॉडेलमध्ये सगळ्या झाडांना मिळून एक वक्र असतो आणि शिवाय प्रत्येक झाड त्या वक्रापासून किती हटतं ते असतं, म्हणजे रँडम इफेक्ट. आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधलं, अशी मॉडेल बसवणारं एनएलएमई पॅकेज काही सांगितलं नाही तर झाडाच्या पातळीवरचा आकडा द्यायला बघतं, आणि नवीन झाड त्याने पाहिलेलंच नाही तर देणार कुठून? मग कुणीतरी सांगतं लेव्हल 0 टाक, म्हणजे फक्त सगळ्यांचा मिळून असलेला वक्र घे, आकडे येतात, पोरं खूश. पण तो आकडा रँडम इफेक्ट शून्य धरलेल्या झाडाचा असतो, तुमच्या झाडाचा नाही.

खरं तर एनए आलं तर बरंच म्हणायचं. नवीन एक्सेल शीटमध्ये झाडांचे नंबर परत 1 पासून दिलेले असले ना, तर पॅकेज गुपचूप जुन्या झाड 3 चा रँडम इफेक्ट नवीन झाड 3 ला लावून मोकळं होतं, एरर नाही, वॉर्निंग नाही. त्यामुळे आधी नंबर बदला, बाकी सगळं नंतर.

आता नवीन झाडाचं एखादं जरी माप हातात असेल तर खरी मजा आहे. आरमध्ये ऑरेंज नावाचा डेटा असतो, 5 संत्र्याची झाडं, प्रत्येकाची 7 मापं. लॉजिस्टिक, म्हणजे एस आकाराचा वाढीचा वक्र बसवला आणि फक्त खोडाचा कमाल घेर झाडागणिक बदलू दिला की कमाल घेर सुमारे 191 मिमी येतो, झाडाझाडातल्या फरकाची एसडी (प्रमाण विचलन) 31.5 आणि मापातल्या चुकीची 7.8. 484 व्या दिवशी वक्र कमाल घेराच्या बरोबर एक तृतीयांशावर असतो, म्हणजे 64 मिमी. समजा तुमचं नवीन झाड त्या दिवशी 76 भरलं. सरळ तिपटीने हिशोब केला तर कमाल घेर 228 येईल, पण ते जास्तीचे 12 मिमी सगळे झाडाचेच कशावरून, थोडी टेपची चूकही असेल की! दोन्ही एसडींचे वर्ग घेऊन वाटणी केली (झाडाची एसडीही त्या दिवशी एक तृतीयांशच, म्हणजे 10.5) की झाडाच्या वाट्याला साधारण 64 टक्के येतात आणि कमाल घेर 215 होतो. तेच माप 1004 व्या दिवशी घेतलं असतं तर वाटा 89 टक्के झाला असता, कारण तोवर झाडाने स्वतःबद्दल बरंच सांगितलेलं असतं.

यासाठी मॉडेल परत बसवायचं नाही हं! फिक्स्ड इफेक्ट (सगळ्या झाडांना सामाईक असलेले आकडे) आणि एसडी आहेत तसेच गोठवायचे, फक्त नव्या झाडाचा रँडम इफेक्ट काढायचा. फार्मसीवाले नॉनमेम या त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये मॅक्सइव्हॅल 0 (परत बसवू नको) देऊन पोस्टहॉक (फक्त रँडम इफेक्ट काढ) चालवतात ते हेच.

आणि एक, लेव्हल 0 चा वक्र म्हणजे बागेची सरासरी असं रिपोर्टात लिहू नका. वरच्या उदाहरणात ते जुळतं, कारण कमाल घेर नुसता गुणाकारात आहे, पण वाढीचा वेळही झाडागणिक बदलत असेल तर सरासरी झाड वेगळं आणि झाडांची सरासरी वेगळी. बागेची हवी असेल तर मॉडेलमधून हजारो खोटी झाडं काढा, प्रत्येकाचा वक्र काढा आणि मग सरासरी घ्या, कॉम्प्युटरला तेवढं काम जड नाही.

तीच खोटी झाडं पट्टा, म्हणजे अंदाज किती अधिक-उणे होऊ शकतो ते, काढायलाही लागतात, कारण एनएलएमईचं प्रेडिक्ट नुसता आकडा देतं. ऑरेंजमध्ये काहीच माप नसलेल्या झाडाचा 1582 व्या दिवसाचा अंदाज 177, अधिक-उणे 59. 484 व्या दिवसाचं ते 76 चं एक माप दिलं की 198, अधिक-उणे 37. आणि यात फिक्स्ड इफेक्टची अनिश्चितता अजून धरलेलीच नाही, 5 झाडांवर बसवलेल्या मॉडेलमध्ये ती काही कमी नसते.