व्हॅलिडिटी आणि १९६७ चा जीआर

मुलगी बारावीत गेली तेव्हाच ठरवलं, सीईटीच्या धावपळीआधी तिची जातवैधता, म्हणजे जातीचा दाखला पडताळून समिती देते ते प्रमाणपत्र, काढून टाकायची. आम्ही सुतार, ओबीसी. राहायला पुण्यात, मूळ गाव वऱ्हाडात. ज्यांना हेच करायचंय त्यांना उपयोग होईल म्हणून लिहितोय. एक गोष्ट मात्र मला आधी कुणी सांगितली नव्हती: या कामात विधिमंडळानं केलेला कायदा फार कमी वेळा समोर येतो. माणूस अडतो आणि सुटतो तो दुसऱ्याच कागदांवर.

कायदा आहेच. जातीचं प्रमाणपत्र देणं आणि त्याची पडताळणी यासाठीचा २००० चा अधिनियम, ऑक्टोबर २००१ पासून लागू. त्यातलं कलम ८ म्हणतं की आपली जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची. पण ओबीसी कोण, हे त्यात शोधायला गेलात तर सापडणार नाही. ते ठरलं १३ ऑक्टोबर १९६७ च्या शासन निर्णयानं, म्हणजे जीआरनं, आणि नंतर त्या यादीत भर घालणाऱ्या निर्णयांनी. अनुसूचित जाती-जमातींचं तसं नाही. त्यांच्या याद्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशांत आहेत आणि त्यात फेरफार करायचा तर संसदच लागते. राज्य सरकारला नाही, न्यायालयालाही त्यात शब्द घालता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००० साली हलबा-कोष्टी प्रकरणात, म्हणजे कोष्टी हे हलबा जमातीत धरायचे का या वादात, सांगितलं. विदर्भात हे प्रकरण माहीत नसलेलं घर विरळा. म्हणजे शेजारच्या पोराची जात राष्ट्रपतींच्या आदेशात आणि माझ्या पोरीची मंत्रालयातल्या जीआरमध्ये. पडताळणीच्या रांगेत मात्र दोघंही सारखेच घामाघूम.

त्या १९६७ च्या तारखेचा पहिला दणका प्रवासाला बसला. ओबीसीसाठी तोच ‘मानीव दिनांक’. त्या दिवशी आपलं कुटुंब जिथं कायम राहत होतं, तिथल्याच उपविभागीय अधिकाऱ्याकडून दाखला घ्यायचा आणि पडताळणीही तिकडच्याच समितीकडे. पुण्यात पंचवीस वर्षं राहिलो, घर घेतलं, मतदान केलं, त्याला इथं किंमत नाही. पुढचे कित्येक शनिवार-रविवार ट्रॅव्हल्सच्या स्लीपरमध्ये गेले.

शपथपत्रांचा किस्सा सांगतो. पडताळणीला दोन लागतात: नमुना ३ मध्ये वंशावळ आणि नमुना १७ मध्ये कागद खरे असल्याचं. तहसीलबाहेरच्या टेबलावर पहिलाच प्रश्न, “पाचशेचा बाँड आणला का?” ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारनं अध्यादेश काढून शंभरचा मुद्रांक पाचशेवर नेला, ते सगळ्यांना ठाऊक झालं होतं. जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या शपथपत्रांना २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे, हे मात्र त्या टेबलावर कुणाला ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असून सोयीचं नव्हतं. मी मोबाइलवर अधिसूचना दाखवली. “ते वरती चालत असल, इथं नाही चालत,” असं उत्तर आलं. आत जाऊन साध्या कागदावरच करून घेतलं आणि ते चाललं.

खरं दुखणं होतं वडिलांच्या शाळेच्या दाखल्यात. अण्णा पहिलीत गेले १९५९ साली, म्हणजे तारखेच्या हिशेबानं उत्तम. पण शाळेच्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात निळ्या शाईत ‘हिंदू’ आणि पुढे काळ्या शाईत, वेगळ्या वळणात, ‘सुतार’. कुणी, कधी लिहिलं, खाली सही नाही. मुख्याध्यापक भला माणूस, त्यांनी नोंद आहे तशी उतरवून दिली. समितीच्या खिडकीवरच्या बाबूंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “हे खाडाखोड आहे. आजोबाचा दाखला आणा.”

आजोबा शाळेत गेलेच नव्हते. वयाच्या आठव्या वर्षापासून लाकूड तासायचा वाकस हातात.

“मग काही होत नाही. सदुसष्टच्या आधीचा शाळेचाच दाखला लागते. तसं परिपत्रक आहे.”

मी म्हटलं, परिपत्रकाचा क्रमांक आणि तारीख द्या. ते मिळेना. इथं माझ्या एका वकील मित्राचा सल्ला कामी आला. त्यानं फोनवर सांगितलं, “कुणीही ‘आदेश आहे’ म्हटलं की विचार, कुठल्या कायद्याखाली, कुणाच्या सहीनं. परिपत्रकानं नियम बदलत नाही आणि नियमानं कायदा बदलत नाही. जिथं नियम गप्प आहे तिथं जीआर बोलू शकतो, जिथं नियम बोललाय तिथं नाही.” सर्वोच्च न्यायालयानं १९६७ सालीच संतराम शर्मा खटल्यात हे सांगून ठेवलंय. आमच्या घराच्या नशिबात ते साल लिहिलेलंच दिसतं. पडताळणीचे २०१२ चे नियम काढून वाचले. महसुली नोंदीही पुरावा म्हणून चालतात. शाळेचाच दाखला हवा, असा हट्ट त्यात कुठं नाही.

मग तहसीलचं रेकॉर्ड रूम. गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, तिकडे तिला सगळे कोतवाल बुक म्हणतात. अर्ज दिला, शोध फी भरली आणि शिपायानं लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे काढून दिले. पानं इतकी कुरकुरीत की पंखा बंद करायला लावला. जुन्या काही वह्या मोडी लिपीत होत्या, त्यांच्यापुढे मी निरुपयोगी. पण १९३८ चं पान बाळबोध, म्हणजे देवनागरीत, निघालं. त्यावर आमच्या थोरल्या आत्याचा जन्म. तिचं नाव नाही, फक्त ‘मुलगी’. बापाच्या रकान्यात आजोबांचं नाव, पुढे पणजोबांचं, आणि जात: सुतार. एकाच शाईत, एकाच हातानं. तहसीलची प्रमाणित नक्कल मिळायला आणखी वेळ गेला, पण मिळाली. आडनाव आज वेगळं लावत असल्यानं ग्रामपंचायतीचा घराचा जुना उतारा जोडला, त्यात आजोबा-पणजोबांची तीच जोडी होती.

सोबत चुलत भावाच्या मुलाचं वैधता प्रमाणपत्र होतंच. इथं दोन निकाल माहीत असणं गरजेचं. पहिला, मुंबई उच्च न्यायालयाचा २०१० चा, अपूर्वा विरुद्ध विभागीय पडताळणी समिती. वडिलांकडच्या रक्तातल्या नातेवाइकाला रीतसर वैधता मिळाली असेल तर दुसऱ्याला वेगळा न्याय लावायचा नाही, मात्र ती पहिली वैधता फसवणुकीनं किंवा अधिकार नसताना दिलेली नसावी. दुसरा, सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा, आनंद काटोले प्रकरणातला, स्वातंत्र्यापूर्वीच्या कागदांना अधिक वजन द्या असं सांगणारा. तो जमातीच्या दाव्यात आलेला, पण जुन्या नोंदींबद्दलचं तत्त्व सगळीकडे वापरतात. दोन्हींच्या प्रती फाइलला लावल्या. खिडकीवर त्या बाजूला सरकवल्या गेल्या. मी पत्र लिहून आवक क्रमांक घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल त्याच्या हद्दीतल्या समितीला पाळावाच लागतो, राज्यघटनेच्या कलम १४१ खाली सर्वोच्च न्यायालयाचा तर सगळ्या न्यायालयांना. पण तो फाइलमध्ये दिसला तरच.

खरं तर ही समित्यांची अख्खी यंत्रणाच एका निकालातून आजच्या रूपाला आली. १९९४ च्या माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं पंधरा निर्देश दिले: समिती कशी असावी, घरी-गावी जाऊन चौकशी करणारं दक्षता पथक काय करेल, सुनावणी कशी द्यावी. राज्याचा कायदा येईपर्यंत काही वर्षं तेच निर्देश कायद्यासारखे चालले. दक्षता पथक आमच्याकडेही आलं, शाईच्या फरकामुळे येणारच होतं. अधिकारी मोजकं बोलणारे, नीट काम करणारे. शाळेत मूळ रजिस्टर पाहिलं, गावातल्या दोन म्हाताऱ्यांचे जबाब घेतले. अण्णांना विचारलं, घरात कुठला धंदा, बलुतं कसं मिळायचं. अण्णा उठून माळ्यावरची पेटी काढायला लागले. रंधा, पटाशी, गिरमिट, दांडा तुटलेला वाकस. अधिकाऱ्यांनी “राहू द्या काका, लिहिलं” म्हटलं, तरी त्यांनी एकेक अवजार बाहेर काढून कशाला काय लागतं ते सांगितलंच.

बायकोच्या माहेरचे कागद शाळेच्या पहिल्या वर्गापासून स्वच्छ होते. त्यांना कुणी हात लावला नाही. जात बापाकडून, हे परंपरेतून आलेलं गृहीतक आहे. आंतरजातीय लग्नात ते सरसकट धरता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली म्हटलंय, पण आमचं लग्न जातीतलं, त्यामुळे वंशावळीत बायकोच्या घराला एक चौकटही नाही. तिला ते लागलं, आणि लागायलाच हवं.

अहवाल अनुकूल आला. शाईचा मुद्दा समितीनं आदेशात लिहिला आणि १९३८ ची नोंद जुनी व निर्विवाद असल्यानं तो गौण धरला. प्रमाणपत्र ऑनलाइन निघालं तेव्हा प्रवेशाची पहिली फेरी लागायची होती. ज्यांचं निघालं नव्हतं त्यांनी अर्जाच्या पोचपावतीवर प्रवेश घेतला आणि वैधता सादर करायची मुदत वाढवणाऱ्या जीआरची वाट पाहत बसले. मुदत वाढली तर ती त्या वर्षापुरती, म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या जीआरवर विसंबू नका. शासनाच्या संकेतस्थळावर त्याचा संकेतांक टाकून पाहा, आणि शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ ही ओळ आहे का तेही.

आता धाकट्या भावाच्या मुलाची फाइल चालू आहे. भाऊ म्हणतो, तुझ्या मुलीची वैधता आहे ना, तेवढीच लावू. मी १९३८ ची नक्कल परत लावायला लावली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की नातेवाइकाचं प्रमाणपत्र आहे म्हणून डोळे मिटून पुढचं द्यायचं नाही. ते नीट चौकशी करून दिलं होतं का आणि नातं खरं आहे का, हे समितीनं पाहायचं. तेव्हा मुलीच्या दक्षता अहवालाची प्रतही माहितीच्या अधिकारात मागवून घेतलीय.