आमची वाटचाल : बोटभर वायर

जुन्या गाड्यांचं फक्त इलेक्ट्रिकल काम करायचं, असं ठरवून गॅरेज काढलं तेव्हा आम्ही दोघे होतो. भागीदार वयाने मोठा आणि हाताने माझ्यापेक्षा कितीतरी सरस. भांडवल म्हणजे एक मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न, दोन्ही टोकांना क्लिपा लावलेली वीस फूट वायर आणि भागीदाराने स्वतः बनवलेला टेस्ट लॅम्प. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, जुन्या होल्डरमध्ये बसवलेला. तो आजही माझ्या खिशात असतो. नवी मुलं मीटर लावून सांगतात, "दादा, बारा व्होल्ट येतायत, वायर ठीक आहे." अरे, वायरच्या टोकाचा लग आतून गंजून हिरवा पडलेला असला, जेमतेम टेकलेला असला, तरी मीटर बाराच दाखवणार, कारण मीटर करंट जवळपास ओढतच नाही. बल्ब लावा. पावणेदोन अँपिअर ओढायला लागला की त्या लगचं पितळ उघडं पडतं.

पहिली काही वर्षं बरी गेली. कटआउट, डायनमो, हेडलाइट मंद, हॉर्न मध्येच मुका, अशी कामं येत राहिली.

मग ती सलून गाडी आली. जुनी ब्रिटिश गाडी, मालकाने जिवापाड जपलेली. तक्रार एकच. चालता चालता इंजिन मरतं, कडेला घेऊन स्टार्टर मारला की पहिल्या फटक्यात चालू. आम्ही कॉइल तापवून पाहिली, कंडेन्सर बदलला, पॉइंटचा गॅप पुन्हा बसवला, इग्निशन स्विचची किल्ली तासभर हलवली, फ्यूजच्या क्लिपा घासल्या, इंजिनची अर्थची पट्टी काढून दोन्ही बाजूंचा रंग खरवडला. आमच्याकडे ती एकदाही बंद पडली नाही. बॉनेट उघडं ठेवून तास तास जागेवर आयडलिंगला सोडली, घड्याळासारखी चालली. दोनदा "झालं" म्हणून दिली, दोनदा परत आली. दुसऱ्यांदा घरची सगळी माणसं गाडीत असताना बंद पडली होती. मालक मला काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्यांचं चुकलं असंही म्हणत नाही.

तिसऱ्यांदा ते आमच्याकडे आलेच नाहीत. दुसऱ्या एका गॅरेजवाल्याकडे गेले. त्याने गाडी न चालवताच निदान सांगितलं : आधीच्यांनी वायरिंगची वाट लावली, सगळं नवीन टाकावं लागेल. टाकलं. या गाड्यांच्या वायरिंगला रंगांची भाषा असते. तपकिरी म्हणजे बॅटरीतून थेट, पांढरी इग्निशनची, हिरवी फ्यूजमधून पुढे गेलेली, काळी अर्थ. त्याने बंपरपासून बंपरपर्यंत एकाच लाल रंगाची वायर ओढली. पुढे ज्याला फॉल्ट शोधायचा असेल त्याने काय करावं? आणि जुन्या गाड्यांची माणसं जिथे जमतात तिथे तो सांगत फिरला की आम्ही गाड्या बिघडवतो. वर्षाच्या आत आमची निम्मी गिऱ्हाईकं गेली. भागीदाराला घर चालवायचं होतं. तो नोकरीला लागला. जाताना टेस्ट लॅम्प माझ्या टेबलावर ठेवून गेला. मी डायनमोचं आर्मेचर तपासायचा ग्रोलर विकला, बेंच चार्जर विकला, मदतनीस मुलाला दुसरीकडे काम बघून दिलं.

त्या काळात एकच माणूस न चुकता येत राहिला, आमचे मास्तर. निवृत्त शिक्षक, स्वतःची छोटी जुनी गाडी. काम नसलं तरी यायचे, बसायचे. त्यांच्या गाडीत एक चाळीसपानी वही असायची. गाडीने काही कुरकुर केली की तारीख, वेळ, ऊन की पाऊस, कोणते दिवे चालू, पाय कुठल्या पेडलवर, सगळं लिहायचे. मला वाटायचं, शिक्षकाची सवय. खरं तर आमच्या धंद्यात ती वही विजेच्या लहरी दाखवणाऱ्या स्कोपपेक्षा मोठी आहे, हे कळायला मला उशीर झाला.

सलूनचे मालक एक दिवस दारात उभे राहिले. नवीन वायरिंग, आणि फॉल्ट जसाच्या तसा. मी गाडी ठेवून घेतली नाही. मास्तरांसारखी वही दिली आणि सांगितलं, पंधरा दिवस लिहा. वही आली त्यात नऊ नोंदी होत्या. नऊच्या नऊ वेळा सपाट सरळ रस्ता, वेग धरलेला, ॲक्सिलरेटरवर पाय हलका. चढावर एकदाही नाही, आयडलिंगला एकदाही नाही. सातवी नोंद अशी : "घाबरून पूर्ण दाबला, तर झटका देऊन चालू झाली."

हलका पाय म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमची, हवा शोषण्याची, ओढ जास्त. पूर्ण दाबला की ओढ गेली. या गाडीची व्हॅक्यूमची नळी कार्ब्युरेटरला थ्रॉटलच्या कडेशी जोडलेली, म्हणून आयडलिंगलाही ओढ नाही. प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये या ओढीवर चालणारा व्हॅक्यूम ॲडव्हान्स पॉइंटची प्लेट फिरवतो, आणि प्लेटबरोबर पॉइंटला जाणारी एक बोटभर वायर वाकते.

इंजिन चालू ठेवलं, नळी कार्ब्युरेटरकडून काढून तोंडात धरली आणि ओढली. इंजिन मेलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा ओढली, पुन्हा मेलं. मालक शेजारी उभे होते, त्यांनाही ओढायला लावली.

वायर काढली तर वरचं कव्हर अखंड, ओरखडाही नाही. दोन चिमटीत धरून ताणली तर रबरासारखी लांबली. आत तांबं तुटलेलं. पूर्वी कुणीतरी तिथे साधी कडक वायर घातली होती. तिथे केसासारख्या बारीक तारांची मऊ वायरच लागते. नवीन वायरिंग डिस्ट्रिब्युटरच्या बाहेरच्या टर्मिनलपर्यंत आलं होतं. टोपणाच्या आत त्या गॅरेजवाल्याने डोकावलंही नव्हतं. आधी मीही त्या वायरला हात लावून, कव्हर बघून, ठीक आहे म्हणून सोडलं होतं. ताणून बघितली नव्हती.

म्हणून सांगतो, कुणी विचारलं नसलं तरी. एका वेळी एकच वस्तू बदला, नाहीतर फॉल्ट कशाने गेला ते कधीच कळणार नाही. फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज घालू नका. स्टार्टर मारताना चोकची केबल तापत असेल तर स्टार्टरला दोष देऊ नका, इंजिनची अर्थ पट्टी बघा, करंट केबलमधून वाट काढतोय. आणि मेकॅनिकला फॉल्ट शोधण्याचे पैसे द्या. हातात नव्या पार्टचं खोकं आलं की लोक निमूट पैसे देतात. आम्ही दोन दिवस शोधून बोटभर वायर बदलली की विचारतात, "एवढ्याचे एवढे?"

सलूनच्या मालकांनी विचारलं नाही. त्यांनी पुढे चार गाड्या पाठवल्या, त्या चारांनी आणखी. आता बेंचवर आम्ही पाच जण आहोत. बेंच चार्जर नवा घेतला. ग्रोलर मात्र ज्याला विकला होता त्याच्याकडूनच परत आणला. मास्तरांच्या गाडीचं काम अजून मीच करतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. तो गॅरेजवाला आपलं बोलणं आजवर मागे घ्यायला आलेला नाही. भागीदार एकदा आला होता. मी ती वायर त्याच्या हातात दिली. त्याने न बोलता दोन चिमटीत धरून ताणली, आणि मग टेस्ट लॅम्प कुठे आहे ते विचारलं.