बांध फोडल्यावर: अल्विसोच्या खाजणात एक सकाळ

विमान सॅन फ्रान्सिस्कोला उतरायला लागलं आणि खाली लाल, केशरी, हिरवे चौकोन दिसले. मी उरणची. ती मिठागरं आहेत हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

ऑक्टोबर होता. फ्रीमाँटला बहिणीकडे राहत होते, तिथून भाचीला घेऊन सकाळीच अल्विसो गाठलं. सॅन होजेच्या टोकाचं हे गाव भूजलाच्या उपशाने खचत खचत समुद्रसपाटीखाली गेलं आहे. आम्ही बांधावरून चालू लागलो. ओहोटी होती, आणि चिखलाला अगदी आमच्या खाडीचा वास.

भराव आणि बांध यांनी सॅन फ्रान्सिस्को उपसागराची सुमारे 85 टक्के खाजणं गिळली. 2003 साली इथली 15,100 एकर मिठागरं कारगिल कंपनीकडून सरकारी ताब्यात आली आणि मग खाजणं परत यावीत म्हणून एकेक बांध फोडणं सुरू झालं. माणसाने खिंडार पाडायचं, बाकी काम भरतीचं. ती रोज थोडा गाळ आणून टाकते. तळ पुरेसा वर आला की त्यावर झाडोरा धरतो.

कोयोटी क्रीकपलीकडच्या तीन तळ्यांचे बांध 2006च्या मार्चमध्ये फोडले. आता तिथे पिकलवीड माजलंय, शरदात लालसर झालेलं. आमच्या मोरस भाजीची सख्खी बहीण वाटावी असं. जेमतेम दहा ग्रॅमचा, खारं पाणी पिऊन जगणारा एक उंदीर याच झुडपांत राहतो. या उपसागराच्या खाजणांबाहेर जगात कुठेच नाही. मोठी भरती आली की तो फांद्यांवर चढून बसतो.

"मावशी, मग सगळेच बांध का नाही फोडत?" भाचीने विचारलं.

मलाही आधी तसंच वाटायचं. पण ए-6 नावाच्या कोरड्या तळ्यात 20,000हून जास्त कुरव (सीगल) घरटी करायचे. 2010च्या डिसेंबरमध्ये तिथे पाणी शिरलं आणि ते सगळे दुसरीकडे गेले. कुरव उचाटे, चिखल्या अशा चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांची पिल्लं उचलतात, त्यामुळे एका जागेचा प्रश्न दुसऱ्या जागी जाऊन बसला. स्नोई प्लव्हर हा इवलासा चिखल्या तर मिठागराच्या कोरड्या तळावरच अंडी घालतो. त्याच्यासाठी काही तळी मुद्दाम कोरडी ठेवतात, आणि एडन लँडिंग या भागात तर अंडी-पिल्लं नजरेला पडू नयेत म्हणून कालवांचे शिंपले पसरले आहेत. पाण्यात बुड्या मारणाऱ्या टिबुकल्यांना खारट तळ्यातले कोळंबीसारखे बारीक जीव लागतात, म्हणून काही तळी खारटही ठेवायची. कुणाला किती जागा द्यायची, हे इथे पक्षी मोजून ठरवतात. मला हे फार मोलाचं वाटलं.

परतताना भरती लागली. खिंडारातून पाणी खळखळत आत शिरत होतं. काठावरचे उचाटे वाकडी चोच चिखलात डावी-उजवीकडे फिरवत, पाण्याच्या पुढे पुढे, एकेक पाऊल वर सरकत होते. भाची बांधावरच मांडी घालून बसली. मीही बसले.